वेन्ट, गॉन

कवटी उघडी आणि मी जागी. मेंदूतली गाठ बोलण्याच्या जागेला खेटून होती, म्हणून ऑपरेशनभर मला बोलतं ठेवायचं ठरलं होतं. सर्जन आधी विजेचा हलका झटका देणाऱ्या तारेने एकेक जागा बधिर करून बघणार. माझं बोलणं सुरू राहिलं तर तेवढं कापणार, अडखळलं तर सोडून देणार.

प्रश्न विचारायला टेस नावाची पोरगी होती. ती चित्रं दाखवून त्यांची नावं विचारत होती, त्याला मी वैतागले. दुलूथ गावच्या शाळेत सारी नोकरी मी पोरांकडून इंग्रजी क्रियापदांची रूपं घोकून घेतली होती. म्हटलं, तीच विचार, तिथे माझी चूक होणार नाही. घमेंड, दुसरं काय! तिने ऐकलं.

"गो," ती म्हणाली.

"वेन्ट, गॉन."

ब्रेक, ब्रोक, ब्रोकन. वर्गातल्या चालीवर गाडी सुटली. मनात आलं, बाहेर नवरा कॉफीचा कप धरून बसला असेल. आणि त्याचं नाव आठवेना. चेहरा दिसत होता, मिशी दिसत होती, नाव नाही. टेसला सांगायला तोंड उघडलं तर बाहेर पडलं, "टूक, टेकन." तोंड घोकलेलं ओकत होतं आणि आत माझ्यापाशी एकही शब्द उरला नव्हता.

"बाई मस्त बोलताहेत," टेस सर्जनला म्हणाली. "इथे कापायला हरकत नाही."

मग मला म्हणाली, "राइट."

'रोट, रिटन' जिभेवर आलंच होतं, पण ते बाहेर पडलं की सुरी चालणार होती. मी दात आवळले, ओठ घट्ट मिटले. तिने पुन्हा विचारलं. डोळ्यांतून नुसतं पाणी वाहत होतं.

"थांबा," टेस म्हणाली. सर्जनने तार उचलली.

"ऑर्विल," मी म्हणाले. "माझा नवरा. चित्रंच दाखव गं बाई."

गाठीचा तेवढा तुकडा आत राहिला. तो वाढणार, हे सर्जनने लपवलं नाही. आता रोज सकाळी ऑर्विल गमतीने विचारतो, "काय गं, माझं नाव काय?" मी सांगते. पण सांगेपर्यंत आम्ही दोघंही श्वास रोखून असतो.