कोंडाजीआबांनी टाळ खाली ठेवले

कीर्तन ऐन रंगात असताना कोंडाजीआबांनी टाळ खाली ठेवले.

तिकोणा पेठेच्या सप्ताहात असं कधी झालं नव्हतं. पुढचा टाळकरी थांबला की शेजारच्याचा हात आपोआप ढिला पडतो. तसा तो पडला, आणि मागच्या पोरांनी ध्रुपद कसंबसं ओढून नेलं. नारदाच्या गादीवर उभी होती आबांची सख्खी पुतणी हर्षदा. आपल्या गावातलं तिचं हे पहिलंच कीर्तन. चाली आबांनीच तिच्या गळ्यात उतरवलेल्या. तिनं अभंग सोडला तेव्हा त्यांच्या अंगावर काटा आला होता. पण निरूपण सुरू झालं आणि म्हाताऱ्याचं डोकं फिरलं.

"दिवसाच्या शेवटी आपण सगळेच एकटे आहोत," हर्षदा म्हणाली. "पण विश्वास ठेवा, देव तुमच्यासाठी तिथे आहे."

बायका पदर डोळ्यांना लावत होत्या. त्यानं आबा आणखीच पेटले.

"तितं म्हंजी कुटं?" ते शेजारच्याच्या कानाशी पुटपुटले. "धरणापल्याड? अन् दिवसाच्या शेवटी एकटे, मग सकाळी काय जत्रा असती व्हय?"

पुढं यशोदा आली. यशोदेनं एक आई म्हणून खूप चांगलं काम केलं, असं हर्षदा म्हणाली, जणू बाई गोकुळात नोकरीला होती. तिथं टाळ खाली गेले ते गेलेच.

आरती झाली. कीर्तन संपलं की वयानं थोरला माणूस आधी गादीच्या पाया पडतो, मग बाकीचे. गादीवर उभं कोण आहे, ते बघायचं नसतं. आबा न पडता निघून गेले तर उद्या मावळात कुणी हर्षदाला कीर्तनाला बोलावणार नाही, हे मांडवातल्या पोराटोरांनाही ठाऊक होतं. आणि आबा मांडवाबाहेर चपला शोधत होते.

त्यांची बायको सावित्राबाई मागोमाग आली. "अवो, रांग खोळंबलीया."

"खोळंबू दे. गादीवर उभं राहून असं बोलत्यात व्हय?"

"काय वंगाळ बोलली? मला तर रडू आलं."

"तुला कांदा चिरतानाबी येतं."

सावित्राबाई थंडपणानं म्हणाली, "तिला लोणावळ्याच्या इंग्रजी शाळंत कोण सोडायला जात व्हतं? गाडीवर पुढं बसवून? मराठीत बोलली म्हणून त्या मॅडमनं पोरीला वर्गाबाहेर उभं केलं, तवा तुमीच म्हणला व्हता, बरं केलं म्हणून."

आबांनी हातातली चप्पल टाकली आणि ताडताड मांडवात शिरले.

हर्षदा गादीवर तशीच उभी होती, गळ्यात हार, तोंड उतरलेलं.

"हर्षे, देव तितं हाय, असं कुणी सांगितलं तुला?"

"काही चुकलं का, आबा?"

तिला खरंच कळलं नव्हतं. मिरवायला म्हणून ती बोललीच नव्हती. बोलली होती पोटातून, आणि पोटातूनच ते तसं आलं होतं.

"मग कसं म्हणायचं असतं?" तिनं विचारलं.

"देव पाठीशी हाय, म्हणायचं."

"देव पाठीशी आहे," ती सावकाश म्हणाली. परक्या गावचा पत्ता पाठ करावा तशी.

पोरीवर आता काय रागवायचं? पण त्या वर्गाबाहेरच्या ओट्यावर, त्या मॅडमवर, 'बरं केलं' म्हणणाऱ्या आपल्या तोंडावर आबा असे जळत होते की अंगातली बंडी चटके देऊ लागली.

ते वाकले. कपाळ पायांना लागताच हर्षदा संकोचून मागं सरकायला गेली.

"हलू नगंस. गादीवर हायेस," आबा खालूनच गुरकावले.

उठून त्यांनी टोपी सारखी केली आणि रांगेवर खेकसले, "बघताय काय? पडा पाया. अन् उद्यापासनं हिला दुपारचं कुणी बोलवू नका. दुपारी ती माज्यासंगं शेतावर येणार हाय. नुस्तं बोलायला."