लाल भात

“पांढऱ्या भाताला लाल कोर, घरात शिरलाय पापाचा चोर!”

सोमाजी भगताची ही आरोळी देवीच्या देवळात ऐकली तेव्हा मी सहा वर्षांची होते. त्याच दिवशी चुलती लंकाबाई शिनोली गाव सोडून माहेरी गेली, ती गेलीच.

एकोणीसशे नव्याण्णवच्या चैत्रात तेच देऊळ, तीच आरोळी. घरोघरच्या सुनांनी देवीपुढं मडकी मांडायची, भगतानं ती आतून पुसायची, मग त्यांत भात भरून झाकायची, तिसऱ्या दिवशी उघडायची, हा आमचा रिवाज. यंदा माझ्या भावजयीचा, सोनीबाईचा भात लाल निघाला.

“आईनं रगत वकलं!” सोमाजी घुमला. “धाडा हिला माहेरी!”

“माझं काय चुकलं, वन्सं?” सोनीबाईनं विचारलं.

“महिनाभर थांबा,” मी गावाला म्हणाले. तो भात आणि सोमाजीनं तिचं मडकं पुसलेल्या ओल्या फडक्याचं सूत घेऊन पुण्याला, मी काम करत होते त्या प्रयोगशाळेत गेले. तो महिनाभर सोनीबाईच्या हातचं पाणी घरात कुणी प्यालं नाही.

परतले तेव्हा देवळात पुन्हा गर्दी. मी भाताच्या तीन बंद काचेच्या बश्या मांडल्या.

“भातात आणि फडक्यात एकच जंतू सापडला. तो ओलीत वाढतो, लाल रंग करतो. पहिल्या बशीत तोच आहे. दुसरीतल्या जंतूचं रंगाचं एक जनुक आम्ही मोडलं. भात पांढराच राहिला. तिसरीत मोडक्या जंतूला तेच जनुक धड करून परत दिलं. पुन्हा लाल.”

“मग देवी कोणच्या बशीत हाय म्हनं?” शेजारच्या गेणभाऊनं विचारलं.

“कुठल्याच नाही, भाऊ.”

“फडकं ह्या सोनीनंच बाटवलं!” सोमाजी ओरडला.

गेणभाऊ उठला. “सगळी मडकी उपरण्यानं पुसलीस, सोनीचंच वल्ल्या फडक्यानं का रं? तिच्या नवऱ्यानं तुला पालखीम्होरं चालू दिलं न्हाई म्हून?”

सोमाजीनं फडकं पाठीमागं धरलं.

मी एवढंच म्हणाले, “भात लाल झाला तर भात टाका. माणूस टाकू नका. आधी विचारा, का झाला?”

घरी माझ्या आईनं, साळुबाईनं, सोनीबाईच्या हातून तांब्या घेतला. पाणी प्यायली. तांब्या खाली ठेवेना.

“अक्षदा, लंका गेली त्या साली देवळाच्या झाडलोटीची पाळी माझी व्हती. पहाटं झाकण काढून बघितलं. लाल भात माझ्या मडक्यात व्हता गं. लंकाचं मडकं मी माझ्या जागी ठिवलं, आन् माझं तिच्या.”