पॅड थाई कुणाच्या हातचं?

मित्रांनो, मी जन्माने बँकॉकची कढई आहे, पण माझा जन्म सरला तो उल्हासनगरात.

अंबरनाथच्या शालनताई बँकॉकला एका सिंधी कुटुंबाकडे सात वर्षं स्वयंपाकाला होत्या. तिथे गल्लीत गाडी लावणाऱ्या एका म्हातारीजवळ उभं राहून त्या पॅड थाई नावाच्या नूडल्स शिकल्या. परतताना साड्यांत गुंडाळून त्यांनी मला आणलं.

२००५ साली मुकेशशेठनी उल्हासनगरच्या कॅम्प एक भागात थाई हॉटेल काढलं. शालनताई तिथे लागल्या आणि मलाही घेऊन गेल्या. चिंचेचा कोळ, गूळ, दाण्याचं कूट, मोड आलेले मूग आणि मूठभर भाजलेली सुकट माझ्यात पडायची. तांदळाच्या नूडल्स त्या अशा परतायच्या की एकही तुटायची नाही. बाहेर मात्र उंच पांढरी टोपी घालून हॉटेलचे शेफ म्हणून शरदचंद्र उभे असत. त्यांना चायनीज येई, थाई येत नसे.

पहिल्याच आठवड्यात दयालदास आले. कापडाचे जुने व्यापारी, बँकॉकच्या फेऱ्या केलेले. गावात त्यांच्या जिभेला मान होता.

"मेन्यू ठेवा. नूडल खिलाओ, मग सांगतो तुमचं हॉटेल कसं आहे ते," ते म्हणाले.

त्यांनी ताट पुसून खाल्लं. डोळ्यांत पाणी आलं. "ये हाथ किसका है?"

मुकेशशेठनी शरदचंद्रांच्या खांद्यावर हात ठेवला. शरदचंद्रांनी मान खाली घातली. दाराआड शालनताई माझा दांडा घट्ट धरून उभ्या होत्या.

पेपरात फोटो आला तो टोपीचा. गर्दी वाढली, आणि गर्दीला लाल, गोड नूडल्स हव्या होत्या. शेठनी सॉसचे डबे आणले.

"मग त्याला थाई म्हणू नका, शेठ," शालनताई म्हणाल्या.

"शालनबाई, इथे हेच चालतं. डालो!"

त्यांनी हात मागे घेतला. मग शरदचंद्रांनीच तो सॉस माझ्यात ओतला. माझा तळ करपला.

दिवाळीनंतर दयालदास बँकॉकचे पाहुणे घेऊन आले. एक घास घेऊन त्यांनी काटा खाली ठेवला. पाहुण्यांसमोर त्यांची मान खाली गेली.

"सॉरी, बाईकडून बिघडलं," मुकेशशेठ लगेच म्हणाले.

शालनताई पदराला हात पुसत बाहेर आल्या. "काका, तुम्ही पहिल्यांदा खाल्लंत ते मी केलं होतं. आजचं माझं नाही."

दयालदासांनी शरदचंद्रांकडे पाहिलं. शरदचंद्र टोपी नीट करत राहिले. दयालदास पाहुण्यांना घेऊन उठून गेले.

शालनताईंनी मला उचललं. शेठ आडवे आले. "कढई हॉटेलची आहे."

"माझी आहे, शेठ. मी आणलीय."

"बिल है क्या?"

बँकॉकच्या बाजारातलं बिल कुणी जपतं का, मित्रांनो? त्यांनी मला खाली ठेवलं, एकदा आतून हात फिरवला आणि गेल्या. पुढे कुठे गेल्या ते मला कुणी सांगितलं नाही. हॉटेल अजून जोरात चालतं.

मित्रांनो, आम्हा भांड्यांना घासलं नाहीत तरी आम्ही गंजत गंजत निभावून नेतो. माणसाचं तसं नसतं. घास आवडला, तर आत जाऊन विचारा, हा हात कुणाचा? आणि उत्तर मालकाकडून घेऊ नका.