कोऱ्या कागदांचे नऊ दिवस

मित्रांनो, मी भित्रा आहे, हे आधीच सांगून टाकतो. अंग सगळं लोखंडाचं, पण पाणी, खारा वारा आणि मेकॅनिकचा स्क्रूड्रायव्हर यांची मला कायमची धास्ती. मी एक जुना इंग्रजी टाइपरायटर आहे. सध्या ठाण्याला नौपाड्यात त्र्यंबक मास्तरांच्या कपाटावर बसलेला असतो. इंग्रजी यंत्राला मराठी कशी येते, असं विचाराल. तर ती मला सगुणाच्या बडबडीने शिकवली, आणि याच सगुणाने मला आयुष्यातली सगळ्यात मोठी भीती दाखवली.

माझा जन्म विलायतेतल्या एका कारखान्यात झाला. तिथली ठोकाठोक आठवली की माझी स्प्रिंग अजून थरथरते. दुकानातून मला मिस पेनफोल्ड यांनी उचललं. त्या खेड्यातल्या शाळेत शिकवायच्या आणि ऐतिहासिक कादंबऱ्या लिहायच्या. त्यांचा नेम ठरलेला होता. आधी गोष्टीतली जागा पायाखाली घालायची, मग जुनी कागदपत्रं चाळायची, आणि मगच माझ्यासमोर बसायचं. आम्ही दोघांनी मिळून अकरा कादंबऱ्या लिहिल्या. वर्तमानपत्रांत कौतुक छापून यायचं, वाचकांची पत्रं टोपलीभर यायची. बाई माझ्या पाठीवर थाप मारून म्हणायच्या, "अर्धं श्रेय तुझं!" मी आपला फुगून जायचो.

मग लढाई आली. बाँब पडायचे तेव्हा बाई मला घेऊन टेबलाखाली बसायच्या. लढाई संपली तसे वाचकही बदलले. राजवाडे आणि तलवारी लोकांना नकोशा झाल्या. पत्रं कमी झाली. तेव्हा बाईंनी ठरवलं की शेवटची एक कादंबरी राजाराणीची नाही, मीठ पिकवणाऱ्या बाईची लिहायची. फिरंग्यांच्या, म्हणजे पोर्तुगिजांच्या काळातली, ठाण्याच्या खाडीवरची. नेमाप्रमाणे जागा पायाखाली घालायला म्हणून त्या बोटीने आल्या आणि कोलशेतला खाडीकाठी घर घेऊन राहिल्या. एकोणीसशे अठ्ठेचाळीस साल असेल ते.

घरकामाला सगुणा आली. तिची माणसं पिढ्यान्‌पिढ्या मिठागरावर राबलेली. बाई तिला भरतीचं, बांधाचं, मिठाचं विचारायच्या आणि ती पोळ्या लाटता लाटता सांगायची. आठवड्यातून एकदा नौपाड्याहून त्र्यंबक मास्तर यायचे, झालेली पानं वाचून दाखवायचे, टपाल न्यायचे. घरात एकच कडक नियम होता. बाई मोडक्यातोडक्या मराठीत बजावायच्या, "सगुणा, माझा कागदाला हात नाही लावायचा!" झाडताना एकदा दोन पानं उडून खाडीत गेली होती, तेव्हापासूनचा हा नियम.

दरम्यान बाईंच्या डोळ्यांत काचबिंदू वाढला. माणूस दारात उभा असला तर धुरकट दिसायचा, अक्षर मुळीच नाही. पण त्यांची बोटं माझी कळ न् कळ ओळखत होती. कादंबरीचं शेवटचं प्रकरण राहिलं होतं आणि लंडनच्या प्रकाशकाचं पत्र आलं: दोन वर्षं वाट पाहिली, नाताळापर्यंत पूर्ण हस्तलिखित हाती आलं नाही तर आम्हाला मोकळं समजा. म्हणजे दसऱ्यानंतरच्या आठवड्यातली बोट गाठायलाच हवी होती.

घट बसायच्या आदल्या दिवशी बाई डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेल्या होत्या. सगुणाने घर धुवायला काढलं. भांडी झाली, देव झाले, आणि मग तिची नजर माझ्यावर पडली. "किती काला झालास रे! खंडेनवमीला पुजायचाय तुला," म्हणत तिने माझी अक्षरं घासली आणि माझी रिबन, ती दोन चाकांवर गुंडाळलेली शाईची काळी पट्टी, उपसून काढली. गरम पाणी, मूठभर सोडा. चांगली खळखळून धुतली, दोरीवर वाळवली आणि जशी होती तशी गुंडाळून परत माझ्यात बसवली. पांढरीफटक! अहो, तिच्या घरी खंडेनवमीआधी फावडी-कोयते असेच लखलखीत करतात. हत्यार काळं ठेवणं म्हणजे पाप. बाई आल्यावर तिने अभिमानाने सांगितलं, "मडम, तुमची मशीन पन साफ केली." बाई म्हणाल्या, "शाबास!"

दुसऱ्या दिवशी बाई लिहायला बसल्या. टक टक टक. मी घाबरून कागदाकडे बघत होतो. एक अक्षर उमटत नव्हतं. मित्रांनो, त्या वेळी माझी काय अवस्था झाली, कशी सांगू? मी ओरडू शकत नव्हतो. मी मुद्दाम दोन अक्षरं एकमेकांत अडकवली, बाईंनी ती बोटाने सोडवली. पुन्हा अडकवली, पुन्हा सोडवली. "आज तू हट्टी आहेस," म्हणत त्यांनी पान काढून पालथं ठेवलं आणि नवीन घातलं. मास्तर कुळाचाराला गावी गेलेले. सगुणा कागदांकडे फिरकायची नाही. रोज चार, कधी पाच पानं. कादंबरीतली बाई भरतीत फुटणारा बांध एकटी धरून उभी होती, आणि पेनफोल्ड बाईंच्या गालांवरून पाणी वाहत होतं. "सगुणा," त्या म्हणाल्या, "असं मला परत नाही येणार लिहायला." प्रत्येक टक्‌सरशी वाटायचं, मीच त्यांचा गळा आवळतोय.

नवमीला सकाळी शेवटचं वाक्य झालं. पान माझ्यातच होतं. सगुणा हळदकुंकू, झेंडू घेऊन आली. फूल वाहताना तिचा हात लागला आणि कुंकवाची वाटी कागदावर उपडी झाली. "अगं बाय गं!" तिने घाईघाईने पदराने पुसलं आणि थबकली.

"मडम, कागूद कोरा होता... आन् आता तांबडी अक्षरं आली!"

माझ्या ठोक्यांनी कागदावर खळगे पडले होते. कुंकू त्यांत बसलं होतं.

"कोरा?" बाई खुर्चीतून उठल्या. "बाकीची पानं बघ."

सगुणाने गठ्ठा उलटा केला. एक्केचाळीस पानं. "सगली कोरी." मग तिच्या ध्यानात आलं. "मीच केलं मडम. ती काली पट्टी मीच धुतली. घालवा मना कामावरून."

"नऊ दिवस तू इथे होती. एकदा पण कागद नाही बघितला?"

"तुमीच बोल्लेल्या ना, हात नाय लावायचा म्हनून."

बाईंनी त्या पानावरून बोट फिरवलं. मग म्हणाल्या, "खरं आहे. कुंकू आण. सगळं आण."

दिवसभर सगुणा एकेक पान चोळत होती. घरातलं कुंकू संपलं तेव्हा आळीतून मागून आणलं. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी मास्तर आले, आणि तीन दिवस बसून त्यांनी तांबडी अक्षरं वाचत सगळं प्रकरण हाताने उतरवून काढलं. मला नवी रिबनही त्यांनीच आणून घातली. बोट मिळाली. पुढल्या वर्षी पुस्तक आलं, तेव्हा बाईंनी ते कितीतरी वेळ मांडीवर धरून ठेवलं होतं.

पण मला आठवतो तो नवमीचाच दिवस. बाई म्हणाल्या होत्या, "यापुढे रोज पहिलं पान तू बघायचं."

"मना वाचता येत नाय."

"वाचू नको. उमटतंय का, एवढं बघ."

आता बाई नाहीत. मी मास्तरांच्या कपाटावर असतो, आणि माझ्या कळांच्या फटीत अजून थोडं कुंकू आहे. मास्तर घाईत असतात, महिनोन्‌महिने मला कुणी हात लावत नाही. तेव्हा कोऱ्या कागदाची ती जुनी भीती परत येते. पण दर खंडेनवमीला सगुणा कोलशेतहून चालत येते. फूल वाहण्याआधी माझ्यात कागद घालते, एक कळ दाबते, वाकून बघते आणि म्हणते, "हाय. काला हाय."

मित्रांनो, आम्हा जुन्यांना घासूनपुसून ठेवता, त्याबद्दल उपकार आहेत. पण तुमच्या घरात कुणी डोळे मिटून, जीव ओतून काही करत बसलं असेल, तर दिवसातून एकदा त्यांच्या कागदावर वाका. आम्हाला ओरडता येत नाही हो.