उजवीकडचं सगळं गिऱ्हाइकाचं

माझ्या सासऱ्यांना दशांश चिन्हाच्या उजवीकडचं काही दिसत नाही. डोळे ठणठणीत आहेत, मोतीबिंदूसुद्धा काढून झालाय. दिसत नाही म्हणजे बघायचंच नाही, असं त्यांनी फार पूर्वी ठरवून टाकलंय.

पारोळ्याच्या बाजारपेठेत आमचं किराणा दुकान आहे. गल्ल्यावर माझा नवरा रोनक आणि काट्यापाशी सासरे, नेमीचंदजी. इलेक्ट्रॉनिक काटा पॉइंटच्या पुढे तीन घरं दाखवतो. गुळाचा खडा ठेवला की काटा म्हणतो, एक पॉइंट शून्य आठ पाच. सासरे त्या शून्य आठ पाचवर अंगठा ठेवतात आणि म्हणतात, "एक किलो." पॉइंटच्या उजवीकडचं सगळं गिऱ्हाइकाचं, हा त्यांच्या वडिलांनी घालून दिलेला नेम. त्यांचा हात इतका सराईत आहे, की दुकानात ते शेपूट कधी फार लांब नसतंच. उखर्डूआबांसारखी जुनी गिऱ्हाइकं तर चारचौघांत सांगतात, "नेमीशेठना काटा बठ्ठा गावमा एक नंबर शे!"

शे ना, सगळ्या गावात एक नंबर आहेच. पण तो अंगठा दुकानात ठेवून घरी येत नाही, हे माझं दुखणं.

हिनाला, म्हणजे माझ्या मुलीला, एक्याण्णव पॉइंट आठ टक्के पडले. सासऱ्यांनी सगळ्या नात्यात एक्याण्णव सांगितले. पोरगी फुगून बसली. ताप एकशे एक पॉइंट नऊ असला, तरी यांच्या लेखी एकशे एकच. मी इथल्याच एका शाळेत सहावी-सातवीला गणित शिकवते. वर्गात घसा कोरडा करून सांगते, की ज्या घरापर्यंत आकडा आणायचा त्याच्या उजवीकडचा अंक बघा. पाच किंवा जास्त असेल तर एक वाढवा, कमी असेल तर तसंच ठेवा. आणि माझ्याच घरात!

एकदा मी त्यांना समजवायला बसले. "पप्पाजी, एक्याण्णव पॉइंट आठचे ब्याण्णव होतात."

"वाढवायचं?" ते असे दचकले, जणू मी काट्याखाली चुंबक लावायला सांगितलं. "बेटा, आपल्या बाजूनं कधी वर ओढू नये. ती लबाडी."

"लबाडी नाही हो, नियम आहे!"

"तुमच्या पुस्तकात असेल."

मी कपाळावर हात मारला आणि उठले. दुसरं काय करणार?

सासूबाई, सूरजबाई, यांच्याही वरताण. गेली काही वर्षं त्यांचे गुडघे दुखतात. जिना उतरताना कठडा असा धरतात, की बोटं पांढरी पडतात. पण विचारलं की उत्तर एकच, "थोडंसं." आणि सासरे ते डॉक्टरांना सांगताना "खास काही नाही" करून टाकतात. म्हणजे आधी बाईनं कापायचं, मग उरलेलं नवऱ्यानं. शेवटी डॉक्टरच्या हातात काय पडणार, डोंबल?

तरी मी त्यांना धुळ्याच्या डॉक्टरांकडे नेलंच. त्यांनी दुखण्यावर कडक गोळ्या लिहून दिल्या आणि बजावलं, "आधी रक्त तपासा. किडनीचा आकडा दीडच्या आत असला तरच या गोळ्या सुरू करायच्या. दवाखान्यात फोन करून आकडा सांगा." दीडच्या आत. मी तिथे बसले होते, सासरेही बसले होते.

रिपोर्ट आला तेव्हा मी शाळेत होते. सासऱ्यांनी तो स्वतः आणला आणि स्वतःच फोन केला. संध्याकाळी म्हणाले, "रिपोर्ट चांगला आहे. गोळ्या सुरू करा म्हणाले." माझ्यापुढे पेपरांचा गठ्ठा होता. बरं झालं म्हटलं.

पुढच्या आठवड्यात सासूबाईंची पावलं सुजली. बोटांतली जोडवी रुतायला लागली, साबण लावूनही निघेनात. जेवणावरून मन उडालं. मूग-भाताचे दोन घास खाऊन ताट बाजूला सारायच्या. एका सकाळी त्यांच्या डोळ्यांखालीही सूज दिसली. मी तशीच दुकानात गेले. सासरे साखर जोखत होते.

"पप्पाजी, मम्मीजींचा किडनीचा आकडा किती आला होता?"

"एक."

"एक पॉइंट किती?"

"एक म्हटलं ना. दीडच्या आत."

"पॉइंटच्या पुढे काय होतं?"

त्यांनी पिशवीचं तोंड बांधलं, गिऱ्हाइकाच्या हातात दिली, आणि अगदी शांतपणे म्हणाले, "अठ्ठ्याऐंशी."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. भर दुकानात मी ओरडले, "एक पॉइंट अठ्ठ्याऐंशी! आणि फोनवर एक सांगितलंत?"

"शेपूट कोण सांगतं, बेटा?"

"अहो, ते शेपूट नाही, जनावरच ते आहे! एक पॉइंट अठ्ठ्याऐंशी म्हणजे जवळजवळ दोन! आणि असला आकडा दोनसुद्धा म्हणायचा नसतो, आहे तसा सांगायचा असतो. गुळाला अंगठा ठेवा, हळदीला ठेवा. रक्ताला ठेवायचा नाही!"

रोनकनं गल्ला बंद केला. सासऱ्यांनी काट्याकडे बघितलं. रिकाम्या काट्यावर पॉइंटपुढची तीन शून्यं लुकलुकत होती. "मी तर कमी करूनच सांगितलं," ते म्हणाले. "कमी केल्यानं कधी कुणाचं नुकसान होत नाही." हे ते भांडायला म्हणत नव्हते. त्यांना खरंच तसं वाटत होतं, आणि त्यामुळे मला जास्तच चीड आली.

घरी येऊन गोळ्या मी पर्समध्ये टाकल्या, सासूबाईंना घेतलं आणि रोनकनं गाडी काढली. धुळ्याच्या रस्त्यावर मी तोंड बंद ठेवलं नाही. वाटेतलं फागणं गाव आलं तरी माझं चालूच होतं. इतका चोख आकडा डोक्यात ठेवायचा आणि सांगताना गिळायचा, हे कुठलं पुण्य? सासरे खिडकीतून बाहेर बघत होते. मागच्या सीटवरून सासूबाई म्हणाल्या, "जाऊ दे गं चेलना. थोडीशीच तर सूज आहे."

"मम्मीजी, तुम्ही तर बोलूच नका!"

मला वाईट वाटलं, पण राग गेला नाही.

दवाखान्यात लगेच रक्त घेतलं. आकडा आला दोन पॉइंट एकतीस. डॉक्टरांनी आधी गोळ्या बंद केल्याची खात्री करून घेतली, मग सासऱ्यांना चांगलं फैलावर घेतलं. सासरे खाली मान घालून ऐकत होते. त्यांना असं कुणी बोललेलं मी कधी पाहिलं नव्हतं.

"वेळेवर आलात," शेवटी डॉक्टर म्हणाले. "आकडा उतरेल. आणखी पंधरवडा त्या गोळ्या पोटात गेल्या असत्या तर मी काही सांगू शकलो नसतो. आता किडनी ताळ्यावर आली की गुडघ्यांच्या ऑपरेशनचं बघू. त्याची किती घाई करायची ते दुखण्यावर ठरेल." त्यांनी कॉम्प्युटर पुढे ओढला. "आजी, दहापैकी किती दुखतं? शून्य म्हणजे काहीच नाही, दहा म्हणजे सहनच होत नाही."

सासूबाईंनी पदर सारखा केला. "दोन," त्या म्हणाल्या.

मी तोंड उघडणार, एवढ्यात सासरे म्हणाले, "साडेआठ."

आम्ही सगळे त्यांच्याकडे बघायला लागलो.

"अहो, तुम्हाला काय कळतं त्यातलं?" सासूबाई म्हणाल्या.

"कळतं." ते बायकोकडे न बघता डॉक्टरांशी बोलत होते. "उठताना ही आधी देवाचं नाव घेते, मग पलंगाची कड धरते. जैन स्थानकात महाराज साहेबांसमोर खाली बसता येत नाही म्हणून पर्युषणात मागे खुर्चीवर बसली, आणि घरी येऊन रडली. मला वाटलं, ही थोडं म्हणते तर आपण कशाला वाढवून सांगायचं? साडेआठ आहे, डॉक्टरसाहेब. मी रोज बघतो."

इतकं बारीक माहीत होतं या माणसाला! सगळं माहीत होतं, आणि इतकी वर्षं त्यावर अंगठा ठेवून बसला होता. मला ओरडावंसं वाटलं आणि रडावंसंही.

डॉक्टरांची बोटं कीबोर्डवर थांबली. "यात पॉइंट घेत नाही. पूर्ण आकडा लागतो. आठ टाकू की नऊ?"

सासऱ्यांचा उजवा अंगठा टेबलाच्या कडेवर होता. त्यांनी तो उचलून मुठीत घेतला आणि माझ्याकडे वळले.

"पाच आलं की वर जायचं ना, बेटा?"

मी मान हलवली.

"नऊ लिहा," ते म्हणाले.

सासूबाईंनी पदर तोंडाला लावला. त्यांचे खांदे हलत होते. पण नऊ नाही, दोनच आहेत, असं काही त्या म्हणाल्या नाहीत.