लिनेओला ठेवायचं कुठं

कुणाकडं आधी जायचं, यावरून दोघांचं सकाळपासून वाजलं होतं. सेआबाता म्हणत होता, आधी माझ्या आईकडं जाऊ. मालिनेओ म्हणत होती, आधी थोरल्या भावजींकडं. त्यांचं घर मोठं, तिथंच काम झालं तर म्हातारीच्या दारात तोंड वेंगाडायला नको. लिनेओ उंबऱ्यात बसून दोघांची तोंडं बघत होती. अडीच वर्षांची पोर. तिला एवढंच कळलं की गावाला जायचंय, म्हणून ती मघापासून शाल पांघरून तयार होती.

आमच्याकडं ऋतू उलटे, एप्रिल लागला की थंडी मालुती डोंगरावरून खाली उतरायला लागते. ओढ्याकाठचे पॉपलर पिवळे पडले होते. ज्वारीची कणसं लाल होऊन वाकली होती, आणि पहाटे गवतावर पांढरं पडत होतं. कापणीचे दिवस म्हणजे पाहुण्यारावळ्यांचे दिवस. घरोघर भोपळे छपरावर चढवलेले, ज्वारीची दारू आंबायला घातलेली. त्यामुळे हे तिघं दर आठवड्याला नटून कुठं निघाले, असं गावात कुणाला वाटलं नाही. मजा आहे लेकाची, बायकापोरांना हिंडवतोय, एवढंच लोक म्हणायचे.

खरं कारण वेगळंच होतं. राजधानीत, मासेरूला, विजारी शिवायच्या कारखान्यात मालिनेओला जागा मिळाली होती. मे महिन्याच्या पहिल्या सोमवारी हजर व्हायचं, नाहीतर दुसऱ्या बाईला घेणार, असा मावसबहिणीचा निरोप आला होता. राहायची सोय त्या बहिणीच्याच खोलीत, तीन बायकांत चौथी. तिथं पोर नेता येत नव्हतं. सेआबाता कामाला होता ती खाण बंद पडून दोन वर्षं झाली होती. सरहद्दीपलीकडून तो एक पत्र्याची पेटी आणि खोकला घेऊन परत आला, तेव्हापासून दोन गाई आणि उताराचं शेत यांच्यामागं होता. जानेवारीत गारांनी मका झोपवला. उरली ती ज्वारी. तेव्हा मालिनेओनं जायचं, यात वाद नव्हता. लिनेओला ठेवायचं कुठं, एवढंच राहिलं होतं. तो दिवसभर गुरांमागं डोंगरावर, पोर कोण बघणार?

शेवटी ते आधी म्हातारीकडंच गेले. दोन तासांची वाट. मालिनेओच्या डोक्यावर भोपळा, सेआबाताच्या खांद्यावर पोर. म्हातारी गोल झोपडीसमोर शेणानं सारवलेल्या अंगणात घेवड्याच्या शेंगा काठीनं बडवत बसली होती. आवाज ओळखून तिनं काठी टाकली, लिनेओचं तोंड दोन्ही तळव्यांत धरलं आणि बराच वेळ चाचपत राहिली. मग चहा करायला उठली. आधण उकळल्यावर तिनं किटली उचलून कपात ओतायला घेतली, तर पाणी कपाच्या शेजारून चुलीपाशी पसरलं. तिथंच लिनेओ बसली होती. मालिनेओनं पोरीला मागं ओढलं आणि सासूच्या हातातली किटली हलकेच काढून घेतली. चहा तिनंच ओतला.

चहा पिऊन झाल्यावर म्हातारीच म्हणाली, "कशापायी आलाय त्ये सांगा आता. सुगी टाकून नुसतं भेटाया कोन येत न्हाई."

सेआबातानं तोंड उघडलं, तोवर मालिनेओ बोलून गेली, "भेटायाच आलोय, सासूबाई. भोपळा द्याचा हुता."

परतताना निम्मी वाट सेआबाता पुढं पुढं चालत राहिला. मग म्हणाला, "इचारलं का न्हाईस? ती व्हय म्हनली असती."

"म्हनूनच न्हाई इचारलं. त्यास्नी दिसत न्हाई. तुमाला ठावं हुतं?"

त्यानं पोरीला एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घेतलं. त्याला ठाऊक होतं. गेल्या हिवाळ्यापासून ठाऊक होतं.

दुसऱ्या आठवड्यात ते थोरल्या भावाकडं, लेबोनाकडं गेले. खालच्या खोऱ्यात त्याची जमीन चांगली, घर पत्र्याचं, चार खोल्यांचं. ज्वारी कापायला हात कमी पडतायत, तेव्हा या, असं त्यानंच कळवलं होतं. दोन दिवस नवराबायको दोघंही वाकून कापत राहिले. वाऱ्यानं ओठ फाटले, ज्वारीच्या पात्यांनी मनगटं चिरली. लिनेओ चुलत बहिणींबरोबर बांधावर गुलाबी-पांढरी रानफुलं तोडत हिंडत होती. तिला इतकं बरं कधी वाटलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी उन्हं कलताना शेवटचा भारा खळ्यावर पडला, दारूचं मडकं आलं, तेव्हा सेआबातानं भावापुढं विषय काढला. लेबोना मडक्यात बघत बसला. उत्तर जाऊबाईनं, मापुलानेनं दिलं.

"तुजी पोर ग्वाड हाय," ती मालिनेओला म्हणाली. "पन म्या तीन पोरी वाढिवल्या, तवा कुनाच्या दारात टाकून गेले न्हाई. तू खुशाल जा मासेरूला. माजं काय जातंय? पर लेकरू सांभाळाया दुसरं घर बघ."

मालिनेओला बोलायचं खूप होतं. दोन दिवस कापलेल्या ज्वारीचं बोलायचं होतं, जाऊबाईच्या घरात नवऱ्याचा महिन्याचा पगार येतो, म्हणून तिला पोरी सोडून जावं लागलं नाही, हेही बोलायचं होतं. पण मान वर उचलायचंसुद्धा त्राण तिच्यात उरलं नव्हतं. "बरं, जाऊबाई," एवढंच ती म्हणाली. निघताना मापुलानेनं कणसांची एक पेंढी तिच्या डोक्यावर दिली आणि पोरीला गोड बिस्किटाचा पुडा दिला. टॅक्सीत बसल्यावर लिनेओनं तो पुडा छातीशी धरला आणि आईला विचारलं, "आता कुनाकडं?"

आता राहिली होती आत्या.

आत्या म्हणजे मालिनेओच्या बापाची बहीण. आमच्यात नवरी सासरी आली की तिच्या होणाऱ्या पहिल्या लेकराचं नाव आधीच ठरतं आणि त्या लेकराची आई म्हणून तिला हाक मारतात. तशी मालिनेओ ही लिनेओची आई. आत्याला मामोसा म्हणायचे, मोसाची आई. पण मोसा जन्मलीच नाही. नवरा जाऊन दहा वर्षं झाली, आणि पन्नाशीतली मामोसा अजून त्या न झालेल्या लेकीच्या नावानं ओ देत होती.

तिचं गाव डोंगरापलीकडं. शेजारच्या म्हाताऱ्या सेबातानेचं तट्टू मागून आणलं, मालिनेओ आणि पोर वर, सेआबाता लगाम धरून पायी, असे उजाडता निघाले ते दिवस मावळायला पोचले. आत्याचं घर बघून मालिनेओचा जीव भांड्यात पडला. दाराभोवती मातीच्या रंगांचे पट्टे नव्यानं ओढलेले, भांडी घासून पालथी घातलेली, पीच वाळवून पोती भरलेली. झरा हाकेच्या अंतरावर. आत्यानं सगळं ऐकूनसुद्धा घेतलं नाही.

"दे," ती म्हणाली. "इचारतीस काय? ठिवून जा."

दोन दिवस ते तिथं राहिले, पोरीला सवय व्हावी म्हणून. आत्यानं तिला मक्याचा घाटा भरवला, कोंबड्यांची नावं शिकवली, कुशीत घेऊन निजली. तिसऱ्या दिवशी लिनेओ कोंबड्यांना दाणे टाकत असताना आत्यानं डोळ्यानं खुणावलं, आणि दोघं घरामागच्या वाटेनं निघाले. मालिनेओनं मागं वळून बघितलं नाही. बघितलं असतं, तर पाय उचलला नसता.

खिंडीत वारा असा होता की बोलायची सोय नव्हती. कड्यावर पहिलं बर्फ भुरभुरलेलं होतं. तट्टावर आता नुसती घोंगडी लादली होती. मालिनेओ बस म्हटलं तरी बसली नाही.

घरी आल्यावर ती आडवी झाली आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत तिला उठवेना. ताप नव्हता, काही नव्हतं. तीन आठवड्यांची वणवण, वाकून केलेली कापणी, हसून प्यालेले चहा, सगळं एकदम हाडांत उतरलं होतं. काम तर झालं होतं. चांगलं घर मिळालं होतं. आता तिनं आपली पेटी भरायची आणि जायचं.

त्याच्या पुढच्या दिवशी ती उठली, तेव्हा सेआबाता घरात नव्हता. गोठ्याचं फाटक उघडं होतं आणि गाई नव्हत्या. तिला वाटलं, चरायला नेल्या असतील. दुपारी पाण्याच्या नळावर सेबातानेच्या सुनेनं सांगितलं, की तो पहाटेच तट्टू मागायला आला होता. कुठं गेला, हे तिला विचारायची गरज पडली नाही. तिनं घडा भरला, घरी आली, आणि खळ्यावर एकटीच काठी घेऊन ज्वारी झोडपायला लागली. त्या दिवशी झोडपली, दुसऱ्या दिवशी झोडपली. दाणे उडून मातीत गेले तरी तिचा हात थांबत नव्हता.

दुसऱ्या दिवशी उन्हं उतरताना समोरच्या उतारावर तट्टू दिसलं. सेआबाता चालत होता. वर घोंगड्यात गुंडाळलेलं एक गाठोडं होतं, आणि ते हललं.

मालिनेओ जागची हलली नाही. तो खळ्यापाशी आला तशी ती म्हणाली, "ह्ये काय केलंसा?"

"घिऊन आलो."

"त्ये दिसतंय. रडत हुती व्हय? आठ दिस समदीच रडत्यात. मग ऱ्हात्यात."

"रडत असती तर ठिवून आलो असतो," सेआबाता म्हणाला. तो खाली बसला. त्याचे पाय फुटले होते. "रडत नव्हती. आपुन सोडून आलो, तवापास्नं तिनं पायातलं बूट काढू दिलं न्हाईत. आत्या म्हनली, निजताना बी न्हाई. खाती-पिती, कोंबड्यास्नी दानं टाकती, आन् पुन्यांदा दारात जाऊन बसती. बूट घालून. कुनी कवा न्यायला ईल, म्हनून."

मालिनेओनं काठी खाली ठेवली.

"आत्या काय म्हनली?"

"काय न्हाई. वाळलेलं पीच बांधून दिलं. मग आत जाऊन दार लावून घितलं." तो पाय चोळायला लागला. "आपुन तिच्या पदरात टाकली आन् काडून बी घितली. त्ये माज्या माथी हाय, तुज्या न्हाई."

लिनेओ तट्टावरून हात पुढं करत होती. मालिनेओनं तिला उतरवून घेतलं. पोरीनं आईच्या मानेत तोंड खुपसलं. बूट काढले तेव्हा टाचांवर फोड आलेले दिसले. मालिनेओ ते कोमट पाण्यानं धूत होती, आणि तिच्या मनात आनंद असा नव्हताच. होता तो नुसता शीण. सोमवारला सहा दिवस उरले होते.

"मग आता म्या जायाचं न्हाई, असंच ना?" ती म्हणाली.

"तू जायाचं. म्या हाय की."

"गुरं?"

"गाई सेबातानेला राखायला दिल्या. दूध त्येचं, वासरू आपलं. त्याच दिशी देऊन मग निगालो."

तिनं वर बघितलं. फाटक उघडं राहिलं होतं, ते का, हे तिला आत्ता कळलं. आमच्याकडं पुरुषाचा गोठा रिकामा म्हणजे त्याला चावडीत बसायला जागा उरत नाही. दोन वर्षं पगार नव्हता, तरी दोन गाई आहेत म्हणून तो चारचौघांत बोलू शकत होता.

"लोक काय म्हनतील, इचार केलासा?"

"म्हनाया लागलं बी. सेबातानेनं इचारलं, आता घाटा बी तूच ढवळनार का. म्या म्हनलं, खानीत धा वरसं माजा म्याच ढवळत हुतो, तवा कोन हसलं न्हाई."

निघेपर्यंतचे दिवस ती त्याला शिकवत राहिली. पोरीचं अंग कसं धुवायचं, कानात पाणी न जाता. खोकला आला तर कोणता पाला उकळायचा. केस विंचरताना कुठं धरायचं. तो शिकत होता, वैतागत होता, एकदा कंगवा फेकूनही दिला त्यानं. नळावरच्या बायकांना बोलायला विषय मिळाला. एकीनं तर मालिनेओला तोंडावर म्हटलं, की महिनाभरात हा पोर घेऊन आईच्या दारात जाईल. मालिनेओलाही तसंच वाटत होतं. पण वाटून करणार काय?

सोमवारी हजर व्हायचं म्हणून ती रविवारी सकाळी निघाली. ओढ्याकडं धुकं होतं. रस्त्यावर टॅक्सी उभी होती, आत सात-आठ माणसं कोंबलेली. सेआबातानं पोरीला घोंगड्यात घेऊन पाठीवर बांधलं होतं, बायका बांधतात तसं, पण गाठ पोटावर घेतलेली, आणि पोर एका बाजूनं खाली सरकत चाललेली. ती पडू नये म्हणून तो पुढं वाकून, दोन्ही हात मागं धरून उभा होता. टॅक्सीतले दोघं जण फिदीफिदी हसले. मालिनेओ आत जाऊन बसली. पिशवी मांडीवर घेतली. डोळे समोरच्या काचेवर ठेवले.

शेजारी बसलेली एक म्हातारी बाहेर बघत होती. ती म्हणाली, "त्येला कुनी दावलं न्हाई वाटतं. गाठ वर घ्यावी लागती, छातीवर."

मालिनेओनं पिशवी म्हातारीच्या मांडीवर टाकली आणि ती खाली उतरली. ड्रायव्हरनं भोंगा वाजवला. तिनं लक्ष दिलं नाही. घोंगडं सोडलं, पोरीला त्याच्या पाठीच्या मध्यावर नीट चढवलं, पाय दोन्हीकडून पुढं घेतले, पदर काखेखालून ओढून छातीवर गाठ मारली, आणि गाठीत बोट घालून ताणून बघितली. तो मान खाली घालून उभा होता. एवढ्या जवळून तिला त्याच्या मिशीतले पांढरे केस दिसले. अजून तिशीसुद्धा उलटली नव्हती त्याची.

"हात सोडा," ती म्हणाली.

त्यानं एक हात सोडला. मग दुसरा सोडला.

भोंगा पुन्हा वाजला. ती चढली, दार ओढून घेतलं, आणि टॅक्सी खडीवरून हलली. वळण येईस्तोवर तिनं दम धरला. मग मागच्या काचेतून बघितलं. धूळ होती. धुळीत तो सरळ उभा होता, दोन्ही हात मोकळे, आणि पोर पाठीवर जागच्या जागी होती.