प्रभूच्या मेजावरचा पितळी पेला

मित्रांनो, पाहुण्याला पाणी देतात तसला पेला मी नाही. मी पितळेचा, आतून चांदीचा मुलामा दिलेला, ख्रिस्ती मंदिरातला जुना पेला. महिन्यातून एकदा माझ्यात द्राक्षाचा रस ओततात, आणि येशूची आठवण करत सगळी मंडळी एकामागून एक माझ्या काठाला ओठ लावतात. याला प्रभुभोजन म्हणतात. काम एवढंसंच, पण त्यापायी एकदा केवढा गहजब झाला!

आमच्याकडचं संस्थान संपवणारी पोलिस ॲक्शन झाली, त्याच्या पुढल्या वर्षी शहागंजातल्या तांबट शफीकमियांनी मला घडवलं. मंडळीच्या हाती देताना ते म्हणाले, "संभालके रखना, इबादत का बरतन है." त्यामुळे मी जरा मिजाशीतच वाढलो. चिंच लावून घासलं की असा चमकायचो की पोरं माझ्यात वाकून आपले दात बघायची.

पुढं उस्मानपुऱ्यातल्या आमच्या मंदिरात शमुवेल निर्मळ नावाचे तरुण पाळक आले. लोक त्यांना उदारमतवादी म्हणायचे. काही कौतुकानं, बरेचसे नाक मुरडून. त्यांनी उपासनेत ढोलकी आणली. बायकांना पुढं येऊन शास्त्र वाचायला लावलं. ईदला शेजाऱ्यांकडं शीरखुर्मा खाऊन यायचे आणि नाताळात त्याच शेजाऱ्यांना पहिल्या बाकावर बसवायचे. "प्रश्न विचारणं पाप नाही," असं ते शिकवायचे. "देव कुणाला मानगूट धरून ओढत नाही. श्रद्धेत जबरदस्ती नको." मला हा माणूस फार आवडायचा. त्यांच्या हातात असलो की आपण पितळेचे आहोत हे मी विसरून जायचो.

मग बहात्तरचा दुष्काळ पडला. पैठणकडच्या गावांमधली ख्रिस्ती माणसं खडी फोडायला शहरात आली आणि रविवारी आमच्या मंदिरात मागं सतरंजीवर बसू लागली. गावात ती शिवेबाहेर राहणारी. त्यांच्यात साळूबाई नावाची एक विधवा म्हातारी होती. तिचे ओठ उन्हानं फुटलेले असायचे. ते ओठ माझ्या काठाला लागले तेव्हा मला खरंच बरं वाटलं. आपण कशासाठी घडलो हे त्या दिवशी कळलं.

पण आमच्या मंडळीचे वडीलधारे पंच होते तात्यासाहेब. त्यांना अचानक आरोग्याची काळजी लागली. "एकाच पेल्याला सगळ्यांचे ओठ, रोगराई पसरते," असं ते सांगू लागले. बघा मित्रांनो, इतकी वर्षं माझ्या काठावर एकही जंतू नव्हता. गावची माणसं आली आणि जंतू झाले! तात्यासाहेबांनी काचेच्या इवल्या पेल्यांचं एक तबक आणलं आणि पाळकांना म्हणाले, "ज्याला हवं त्यानं तबकातून घ्यावं, ज्याला हवं त्यानं जुन्या पेल्यातून. तुम्हीच म्हणता ना, जबरदस्ती नको?"

पाळक आपल्याच शब्दांत अडकले आणि हो म्हणाले. मला त्यांचा भारी राग आला, पण पेल्याचं कोण ऐकतं?

त्या रविवारी बाकांवरची मंडळी तबकाकडं गेली. साळूबाईही सरळ मनानं गेली आणि तिनं हात पुढं केला. तात्यासाहेबांनी तबक बाजूला घेतलं आणि ते अगदी गोड आवाजात म्हणाले, "तुमचं तिकडं आहे. त्या पेल्यात."

म्हातारीनं हात मागं घेतला. ती माझ्याकडं आली नाही. पदर सावरून बाहेर निघून गेली, आणि तिच्यामागं सतरंजीवरची सगळी माणसं उठली.

पुढच्या आठवड्यात पाळक मला पिशवीत घालून तिच्या पालावर गेले. आजारी माणसाला जसं घरी जाऊन प्रभुभोजन देतात, तसं तिला द्यावं असं त्यांच्या मनात होतं. साळूबाईनं त्यांना बसायला पोतं दिलं, पण मला हात लावला नाही.

"गावात हाटेलात आमची कपबशी वळचणीला येगळी असायची," ती म्हणाली. "ती नको म्हणून येशूकडं आलो. हितं बी तेच व्हय?"

"मी कुणावर जबरदस्ती कशी करू, साळूबाई? ज्याचा त्याचा विचार."

"त्यांचा इचार मला कळला. तुमचा काय हाय?"

पाळक हळूच म्हणाले, "मी सगळ्यांना मोकळीक देत गेलो, आणि तुम्हालाच बाहेर काढलं." त्यांनी मला पुन्हा पिशवीत ठेवलं. पण त्यांची पकड आता घट्ट होती.

पुढच्या प्रभुभोजनाला मेजावर तबक नव्हतं. तात्यासाहेब उभे राहिले. "हीच का तुमची उदारमतं?"

"हीच," पाळक म्हणाले. "तात्यासाहेब, माझा उपदेश पटला नाही तर भांडा. शास्त्राचा अर्थ वेगळा लावा. मनात शंका असली तरी या. ती मोकळीक तुम्हाला कायम आहे. पण कुणाला खाली बसवायची मोकळीक ख्रिस्तानं कुणालाच दिलेली नाही. या मेजावर दोन पंगती होणार नाहीत. यासाठी मला इथून जावं लागलं तरी चालेल."

तात्यासाहेब टोपी घेऊन बाहेर गेले. त्यांच्यामागं काही घरं गेली, त्यातली बरीचशी परत आलीच नाहीत. वर्गणी आटली, वर तक्रारी गेल्या, पाळकांची बदली होता होता राहिली. ते काही हलले नाहीत. साळूबाई आणि तिची माणसं मात्र परत आली आणि बाकांवर बसली. तात्यासाहेबांच्या पत्नी आवडाबाई उठून तिच्या शेजारी जाऊन बसल्या.

तात्यासाहेब दर रविवारी आवडाबाईंना सोडायला यायचे आणि उपासना संपेपर्यंत बाहेर व्हरांड्यात बसायचे. प्रभुभोजनाच्या रविवारी सगळ्यांचं झालं की पाळक मला घेऊन व्हरांड्यात जायचे आणि त्यांच्यापुढं धरायचे. दार त्यांनी कधी लावलं नाही आणि पेलाही बदलला नाही. तात्यासाहेब तोंड फिरवायचे. असं कितीतरी महिने चाललं.

एकदा पाळकांनी मला साळूबाईच्या हातात दिलं. "आज तुम्ही न्या."

व्हरांड्यात जाऊन ती म्हणाली, "तात्यासाहेब, मी अजून घेतलं नाय. माझ्या आधी तुम्ही घ्या."

तात्यासाहेबांनी या वेळी तोंड फिरवलं नाही. त्यांचे डोळे भरून आले.

"नाही साळूबाई," ते म्हणाले. "आधी तुम्ही."

ती प्यायली. तिनं काठ पुसायला पदर उचलला, तर त्यांनी तिचा हात धरला आणि तसंच मला ओठांना लावलं.

मित्रांनो, मी आता कपाटात असतो. मधे साथीचा रोग आला तेव्हा सगळ्यांना छोटे पेले मिळाले, सगळ्यांना सारखे, म्हणून मला वाईट वाटलं नाही. मला घासायचं राहिलं तरी चालेल. मन मोठं ठेवा, वेगळ्या विचाराच्या माणसालाही जवळ बसवा. पण त्या मोठ्या मनाच्या आडून कुणी कुणाला पंगतीतून उठवू लागला, तर तिथं गप्प बसू नका. नाही म्हणा, आणि दार उघडंच ठेवा.